दीपमालेच्या कार्डावरचे पाठ

१९ नोव्हेंबर २०१२

पैठण गेटला जाऊन यंत्र आणलं. आगपेटीपेक्षा जरासं मोठं, चार बटणं, पडदा नाही. दुकानदार जब्बारभाई पडद्याचं दाखवत होता. म्हटलं, जिच्यासाठी न्यायचं आहे तिला पडदा दिसत नाही. मग त्याने आतल्या खोक्यातून हे काढलं. याची बटणं उंचसखल आहेत, बोटाला लगेच ओळखू येतात. माणूस हुशार आहे.

मुलीचं नाव दीपमाला. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुलींच्या वसतिगृहात राहते. गाव कन्नडच्या पुढे, वडील सांडू जीप चालवतात. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नाहीत, म्हणून जुलैपासून मी रोज सकाळी दोन तास तिला वाचून दाखवायला जातो. परवा म्हणाली, "काका, तुम्ही गेल्यावर पुन्यांदा ऐकू वाटतं. पर तुम्ही तर गेलेले असता."

त्या वाक्याचं उत्तर म्हणजे हे यंत्र. इतिहासाचे अडतीस पाठ, राज्यशास्त्राचे बारा. सगळे माझ्या आवाजात भरून द्यायचे. परीक्षा मार्चअखेर आहे. पुष्कळ वेळ आहे.

२१ नोव्हेंबर

यंत्रात आवाज राहतो कसा, हे कळल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नव्हतो. जब्बारभाईच्या स्टुलावर तासभर बसलो.

कॅसेटमध्ये आवाजाची रेघ असायची. इथे रेघ नाही. इथे आवाजाचं दर सेकंदाला हजारो वेळा माप घेतात आणि आकडे लिहून ठेवतात. आकडे फार होतात, म्हणून जे कानाला ऐकूच येणार नाही ते गाळतात. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज, तसलं काही. "गाना पूरा नहीं रहता इसमें, चचा," जब्बारभाई म्हणाला. "जितना कान कू होना, उतनाच."

आणि आवाज ज्यावर साठतो त्या कार्डावर सगळ्यात आधी एक सूची असते. फाइलचं नाव काय, ती कुठल्या खणात ठेवली आहे. यंत्र आधी सूची वाचतं, मग खणाकडे जातं. हे ऐकून मी हसलोच. छत्तीस वर्षं मी कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळली. रजिस्टर उघडायचं, खणाचा नंबर बघायचा, गठ्ठा काढायचा. म्हणजे माझीच खोली नखाएवढी करून त्या कार्डात घातली आहे. मला हे कुणी शिकवायला नको.

एका बाबतीत मात्र त्याचं ऐकलं नाही. तो म्हणाला, "बोलने का है तो चौसठ पे रखो. तीनसौ बीस कायकू? गाना थोडी है." जितका आकडा मोठा तितका आवाज भरीव, पण जागा जास्त. मी तीनशे वीसच ठेवला. वाचायचं तर स्वच्छ वाचायचं.

२७ नोव्हेंबर

पहिले अकरा पाठ मुलाच्या, हिमांशूच्या, जुन्या कॉम्प्युटरवर वाचून यंत्रात भरले. हिमांशू पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच असते. खिडकी लावली की रस्त्याचा आवाज येत नाही.

आज दीपमाला म्हणाली, "काका, पयल्या पाठानंतर एकदम दहावाच लागला. मला वाटलं मधलं सरकारनं कमी केलं. मी लई खूश झाले."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर क्रम बरोबर दिसत होता. यंत्र मात्र आकडा आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर म्हणून वाचतं. एक, मग एकावर शून्य, मग एकावर एक, आणि मग दोन. म्हणून ०१, ०२ अशी नावं दिली. आता सरळ चालतं. या शून्यांची युक्ती मीच शोधली. जब्बारभाईला सांगितली तर म्हणाला, "चचा, तुम्ही दुकान टाका."

९ डिसेंबर

सतरा पाठ झाले. पुस्तकाची छपाई इतकी वाईट आहे की प्रकाशकाला पत्र लिहावं असं वाटतं. ओळ संपवून पुढच्या ओळीवर आलो की सुरुवातीचे एक-दोन शब्द पुसट. पान हलवावं लागतं. खोलीतला दिवा बदलला, मोठा लावला. फार फरक नाही. बांधणीच तशी असणार, डाव्या बाजूचा समास आत ओढला गेला आहे.

नळाला पाणी आता तिसऱ्या दिवशी येतं. जायकवाडीत काही उरलं नाही म्हणतात. बीड बायपासला मात्र नव्या इमारतींचे सांगाडे रोज वाढतायत. त्यांना बांधायला पाणी कुठून मिळतं, देव जाणे.

१८ डिसेंबर

क्रांती चौकात एक मोटरसायकल डावीकडून अंगाला घासून गेली. हॉर्न नाही, काही नाही. लोकांना शिस्तच उरलेली नाही.

कालिंदी हल्ली फिरायला जाताना नेहमी माझ्या डाव्या हाताला असते आणि हात धरते. तेहतीस वर्षांच्या संसारात भर रस्त्यात कधी हात धरला नव्हता. म्हटलं, "आज काय विशेष?" म्हणाली, "काही नाही, चाला." मनातून बरं वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही.

३० डिसेंबर

पाठ ३१ पूर्ण. नवा चष्मा केला. ठीक आहे. जुनाही ठीकच होता.

५ जानेवारी २०१३

वसतिगृहाची बोअर आटली. टँकर दोन दिवसांतून एकदा येतो आणि साठ मुलींना पुरत नाही. ज्यांना जाता येईल त्यांनी घरी जावं, परीक्षेच्या आधी परत यावं, असं सांगितलंय. दीपमाला मंगळवारी निघते. म्हणजे आता माझं सकाळचं वाचन बंद. जे काही आहे ते त्या आगपेटीतच.

हे एका अर्थी चांगलं झालं. माझी तयारी पूर्ण आहे. इतिहासाचे सगळे अडतीस पाठ तयार आहेत, शेवटचा कालच संपवला.

७ जानेवारी

अडतीस पाठ जुन्या कार्डात मावेनात. माझा तीनशे वीसचा आकडा. गुलमंडीच्या फुटपाथवर एकाकडे ते जुनं देऊन सोळा जीबीचं कार्ड घेतलं. जब्बारभाई म्हणाला होता, रस्त्यावरचं कार्ड घेऊ नका. पण तो दुकानदार आहे, तो तसं म्हणणारच. कार्डावर सोळा छापलंय, कॉम्प्युटरमध्ये लावलं तर कॉम्प्युटरही सोळाच म्हणतो. दोन साक्षी झाल्या.

सगळे पाठ भरले. सूची पाहिली, अडतीस नावं क्रमाने. मग कॉम्प्युटरवरच्या फाइली पुसून टाकल्या, कारण हिमांशूच्या लग्नाच्या फोटोंनी आणि माझ्या पाठांनी तो गच्च भरला होता आणि राज्यशास्त्र सुरू करायला जागा हवी. आजच दोन पाठ वाचले सुद्धा.

८ जानेवारी

सांडू जीप घेऊन दारात आले. उंच, वाळकं शरीर, बोलणं कमी. मी यंत्र कसं वापरायचं ते सांगायला लागलो तर दीपमालेनेच वडिलांना सांगितलं, "बापू, हे माझं हाय, तुम्ही फकस्त जीपवर चार्ज करून द्यायचं. गावात लाइट कवा असती?" सांडू म्हणाले, "व्हय व्हय. कन्नडला जाऊन येईस्तोर फुल होतंय."

कालिंदीने डबा दिला. दीपमालेने खिसा चाचपून यंत्र आहे ना पाहिलं आणि म्हणाली, "काका, राज्यशास्त्र पाठवा बरं का बापूसंगं."

मला आज रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कामावरून घरी आल्यासारखं वाटतंय.

२० जानेवारी

फोन आला. दीपमाला.

"काका, एक सांगू? रागावू नका. दुसऱ्या पाठात छत्तिसावा बोलतोय."

"म्हणजे?"

"नाव दुसऱ्याचं हाय, पर आत तुम्ही छत्तिसावा वाचताय. तिसऱ्यात सदतिसावा. पयल्यात नुसतं खर्रर्र. बाविसाव्यापासून पुढं समदं नीट हाय. मी आधी मागचंच ऐकत होते, म्हणून कळलं नाय."

मी म्हणालो, यंत्र बंद करून चालू कर. तिने केलं होतं. चार वेळा.

२१ जानेवारी

जब्बारभाईने कार्डाची गोष्ट सांगितली, मीच ती जरा थंडपणे लिहून ठेवतो. कार्ड दोनच जीबीचं. त्याच्या सूचीत सोळा असं खोटं लिहून ठेवलेलं. दोन भरले की यंत्राला कळत नाही, ते पहिल्या खणापासून पुन्हा ठेवायला लागतं. जुन्याच्या जागी नवं. सूचीत नावं तशीच राहतात. म्हणजे रजिस्टर चोख आणि गठ्ठे गायब.

छत्तीस वर्षं मी माणसांना सांगत आलो की रजिस्टरवर विश्वास ठेवू नका, खणात हात घालून बघा. आणि स्वतः नावं मोजून उठलो. एक पाठ लावून ऐकला असता तरी कळलं असतं.

एकवीस पाठ गेले. जब्बारभाई एका शब्दाने म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. ते म्हणाला असता तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी

पण सगळं गेलेलं नाही. कॉम्प्युटरवर फाइल पुसली म्हणजे फक्त सूचीतलं नाव खोडलं जातं. गठ्ठा खणातच पडून राहतो, त्या खणात दुसरं काही ठेवीपर्यंत. "पुसल्यावर तुम्ही कॉम्प्युटर को हाथ नै लगाया ना?" असं जब्बारभाईने विचारलं तेव्हा मला राज्यशास्त्राचे ते दोन पाठ आठवले. आणि त्यानंतर वाचलेले आणखी तीन. सगळे तीनशे वीसने.

तो दुपारभर घरी येऊन बसला. एकवीसपैकी सहा पाठ शाबूत मिळाले: ४, ६, ७, ११, १२ आणि १५. कालिंदीने त्याला तीनदा चहा दिला. पंधरा पाठ पुन्हा वाचायचे, राज्यशास्त्राचे सात शिल्लक. बावीस पाठ. रोज एक धरला तरी फेब्रुवारीत संपतात. मला घाबरण्यासारखं यात काही दिसत नाही.

आता चौसष्ट. आणि प्रत्येक पाठ भरल्यावर कार्डावरूनच ऐकायचा, सुरुवात, मध्य, शेवट.

२ फेब्रुवारी

रोज एक होत नाही. पूर्वी पन्नास मिनिटांत होणारा पाठ आता दीड तास खातो. घसा आणि ती छपाई. ओळीखाली पट्टी धरून वाचतो. आज पट्टी धरूनही एक ओळ दोनदा वाचली आणि एक गाळली. पुन्हा सुरुवातीपासून केलं.

मधल्या पॅसेजमधलं स्टूल कालिंदीने उचलून गच्चीवर ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाली, झाडायला अडचण होते. ते स्टूल वीस वर्षं तिथेच होतं.

११ फेब्रुवारी

पाच पाठांचं कार्ड सांडूंबरोबर पाठवलं. ते कन्नडहून प्रवासी घेऊन येतात, बसस्टँडजवळ थांबतात. मी पाकीट दिलं तर वरच्या खिशात ठेवून बटण लावलं आणि म्हणाले, "साहेब, पोरगी कानात घालून बसती ती उठतच नाय. टँकर आला तरी. तिची माय म्हणती, शिकलेली हाय का बहिरी हाय." मग जीप सुरू करता करता, "तुमचा आवाज आमच्या घरात ऱ्हातोय आता."

हे वाक्य घरी येऊन कालिंदीला सांगितलं. तिला सांगताना माझ्या हातून चहा कपाच्या बाहेर ओतला गेला. बशीत.

१७ फेब्रुवारी

कालिंदी म्हणाली, "तुमच्या घशाला विश्रांती द्या, दोन पाठ मी वाचते." आधी नको म्हटलं. तिने कधी मोठ्याने वाचलेलं नाही. पण बसली आणि सपासप वाचून मोकळी झाली, एकेक चाळीस मिनिटांत, न अडखळता. मी बाहेर बसून ऐकत होतो. म्हणजे तिच्या वेळी छपाई एकदम सुधारली!

विनोद म्हणून लिहिलं, पण वाचून फारसं हसू येत नाहीये.

३ मार्च

वसतिगृहात टँकरची सोय झाली, अंतिम वर्षाच्या मुली परत आल्या. दीपमाला आज घरी आली. मी उरलेले चार पाठ कधी होतील ते सांगत होतो. ती म्हणाली, "काकू, तुम्ही पण बसा."

मग तिने यंत्र काढलं. "काका, हा तुमचा चौथा पाठ. नोव्हेंबरातला, तो परत सापडला तो. आणि हा पाचवा, फेब्रुवारीतला. दोन्ही एकाला एक लागून हायत, म्हणून मला कळलं."

"काय कळलं?"

"चौथ्यात तुम्ही ओळ संपली का पुढच्या ओळीवर जाता. पाचव्यात शोधता. दर ओळीला. तुम्ही थांबता, कागद हलल्याचा आवाज येतो, मंग पयला शब्द येतो. कधी पयला शब्द येतच नाय, तुम्ही दुसऱ्यापासून वाचता."

मी म्हणालो, छपाई वाईट आहे. घसा. वय.

"काका, छपाई तीच हाय ना? काकूंच्या पाठात नाय तसं होत." तिने यंत्र बंद केलं. "मला नऊ वर्षांपर्यंत दिसायचं. काचबिंदू होता. दुखत नाय, खुपत नाय. कडंकडंनं जातं. मधलं दिसतं म्हणून माणसाला वाटतं समदं दिसतंय. मी उंबऱ्याला अडखळायची तर माय म्हणायची धांदरट. मी पण म्हणायची, धांदरटच हाय मी."

मी जरा मोठ्याने म्हणालो, "मला व्यवस्थित दिसतं. तू अभ्यासाकडे लक्ष दे."

ती म्हणाली, "देते की. पर तुम्ही डागदरकडं जा."

कालिंदी तिला वसतिगृहात सोडून आली.

४ मार्च

नव्हतं जायचं. एकवीस वर्षांच्या मुलीने, तीही जिला दिसत नाही तिने, मला दिसतं की नाही ते सांगायचं! वाचन केलं नाही.

६ मार्च

आज दुपारी दीपमाला ठेवून गेली त्या कार्डावरून चौथा पाठ लावला. मग पाचवा.

कानांवर माझा भरवसा आहे. चौथ्यात एक माणूस वाचतो आहे. पाचव्यात तोच माणूस चाचपडतो आहे. मी डोळे मिटून ऐकलं आणि प्रत्येक थांबण्याला बोट मोडलं. दोन्ही हातांची बोटं एका परिच्छेदात संपली.

मग उजवा डोळा हाताने झाकला आणि दाराकडे पाहिलं. दाराचा अर्धा भाग नव्हता. काळा नव्हे, पुसट नव्हे. नव्हताच. दारात कालिंदी उभी होती म्हणे. हात काढल्यावर दिसली.

"किती दिवसांपासून तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. तुम्ही पणतीत तेल घालत होतात आणि ते जमिनीवर पडत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तुम्ही दिवा बदललात आणि मग चष्मा केलात."

हे खरं आहे. तिने डोळे तपासा म्हटलं होतं, मी चष्म्याचं दुकान गाठलं होतं. वहीत मी फक्त माझं लिहिलं, तिचं बोलणं लिहिलं नाही. आज मागची पानं चाळली. मोटरसायकल, स्टूल, हात धरणं. सगळं मीच लिहून ठेवलंय, तारीखवार.

८ मार्च

डॉक्टरबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. एका घुमटासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी तत्परतेने दाबत होतो. एक डोळा संपल्यावर म्हटलं, यंत्र मधूनमधून बंद पडतंय का? बराच वेळ ठिपकाच येत नाही. त्या म्हणाल्या, "काका, ठिपके सारखे येत होते."

काचबिंदू. डावा डोळा बराच गेलाय, उजव्याची कड गेली आहे. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी राखता येतं, रोज, न चुकता, आयुष्यभर. "आणखी वर्षभर आला नसतात तर उजवाही असाच झाला असता," म्हणाल्या. "लवकर कसे आलात? बहुतेक लोक येत नाहीत."

मी म्हटलं, एका मुलीने ऐकलं.

त्यांना वाटलं, मुलीने माझं ऐकलं असं म्हणतोय. कालिंदीने मग नीट सांगितलं.

रिक्षात कालिंदीने पिशवीतून थेंबांची बाटली काढून दोनदा बघितली आणि परत ठेवली. मला भीती वाटली, ही खरी गोष्ट आहे. जालना रोडवर जे काही दिसत होतं, फलक, खोदलेला रस्ता, पाण्याच्या टँकरची रांग, ते सगळं मी हावरटासारखं बघत होतो.

९ मार्च

वसतिगृहात गेलो. म्हटलं, "दीपमाला, तुझं बरोबर होतं."

"काय म्हणले?"

"राहिलेलं राखता येईल."

ती खुर्चीवर बसलेली होती, उठली, पुन्हा बसली. "मंग झालं ना," म्हणाली. "माझ्या टायमाला कुणी राहिलेलं असताना गेलंच नाय. गेलो तवा काई राहिलं नव्हतं." मग लगेच, "काका, राज्यशास्त्राचे चार पाठ राहिलेत. काकूंना सांगा आज एक तरी करा. माझ्याकडं अठरा दिवस हायत."

माझ्याबद्दल इतकंच. मला ते आवडलं.

१४ मार्च

कालिंदीने चारही पाठ वाचले. मी नावं दिली, भरले, कार्डावरून ऐकले. एका ठिकाणी तिने कलमाचा नंबर चुकवला होता तो मी पकडला. पन्नास पाठ, पन्नास गठ्ठे, प्रत्येक खण हात घालून पाहिलेला.

सकाळ, संध्याकाळ थेंब.

२८ मार्च

परीक्षेचा पहिला दिवस. दीपमाला सांगणार आणि लेखनिक मुलगी लिहिणार. केंद्राबाहेर सांडू आणि मी तीन तास कडुनिंबाखाली बसलो. त्यांनी एकदाच विचारलं, "साहेब, तुमच्या डोळ्याचं पोरीनं सांगितलं. कसं हाय?" मी म्हटलं, आहे तेवढं आहे. ते म्हणाले, "मी नेली नाय तिला येळेवर. जीप नवी घेतली होती. म्हणलं हंगाम होऊ दे." मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं.

दीपमाला बाहेर आली ती बोलतच. "काका, बाविसावा पाठ जसाच्या तसा! मी सांगत होते आणि ती पोरगी म्हणाली, ताई जरा दमानं, माझा हात दुखतोय."

१५ जून

दीपमाला पहिल्या वर्गात पास. इतिहासात सगळ्यात जास्त गुण. एम.ए. करणार म्हणते. सांडूंनी कन्नडहून पेढे आणले, जीपमधल्या बाकीच्या प्रवाशांनाही वाटले, त्यामुळे आमच्याकडे आला तेव्हा पुडा अर्धा होता.

१९ जून

डॉक्टरबाईंकडे पुन्हा ठिपक्यांची तपासणी. मार्चचा कागद आणि आजचा कागद शेजारी शेजारी ठेवले. तेवढंच आहे. एक ठिपकाही कमी झालेला नाही. त्या म्हणाल्या, ही सगळ्यात चांगली बातमी आहे. मी त्यांना म्हटलं, मला कळतं, मी छत्तीस वर्षं दस्तऐवज जसाच्या तसा राखायचं काम केलंय.

२३ जून

आज दीपमाला एका मुलीला घेऊन आली. चारुता, दुसरं वर्ष, तिलाही दिसत नाही. तिने दीपमालेचं कार्ड ऐकलं होतं आणि तिला दुसऱ्या वर्षाची पुस्तकं हवी आहेत. मी म्हटलं, "जरूर. काकू वाचतील, बाकी सगळं मी बघतो."

चारुता दीपमालेच्या कानात काहीतरी कुजबुजली. दीपमालेने तिला कोपराने ढोसलं. "सांग की. काका रागवत नायत. रागवले तरी दोन दिवसांनी ऐकतात."

"काका," चारुता म्हणाली, "काकूंचं वाचणं लई छान आहे. पण त्या भरभर वाचतात. मी ऐकता ऐकता ब्रेलमध्ये टिपून घेते, एकेक ठिपका टोचून. त्यांच्या पाठात मी मागे पडते, सारखं बटण दाबून थांबवावं लागतं. तुमच्या फेब्रुवारीच्या पाठांत नाही दाबावं लागत. तुम्ही ओळ संपली की थांबता. तेवढ्यात माझं लिहून होतं."

कालिंदी आतून हसली ते मला ऐकू आलं.

मी सांगितलं की माझा एक पाठ आता दोन तास घेईल. ओळ गळू नये म्हणून कालिंदी शेजारी पुस्तक धरून बसेल आणि चुकलो तर टोकेल, ते टोकणंही आत येईल.

"येऊ द्या," चारुता म्हणाली.

संध्याकाळी थेंब घातले, पाच मिनिटं डोळे मिटून पडलो, मग हिमांशूच्या खोलीत जाऊन खिडकी लावली. पट्टी पहिल्या ओळीखाली धरली. फाइलचं नाव ०१. वाचायला सुरुवात केली.

ओळ संपली. मी थांबलो, आणि पुढची ओळ सापडेपर्यंत अजिबात घाई केली नाही.